दीड तास

अकरा वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीला नागपूरचं स्थळ आलं, तेव्हा अम्मी नाही म्हणाली होती. "इतक्या लांब पोर द्यायची, अडीनडीला कोण धावणार?" हडपसरच्या आमच्या दोन खोल्यांत शहाणा मीच. मोबाइलवर विमानाचा वेळ काढला आणि तिच्यापुढे धरला. "अगं, दीड तास. इथून स्वारगेटला जायला तेवढाच लागतो." स्वारगेटचा रस्ता तिला ठाऊक होता, त्यामुळे तिला ते पटलं. पुढे ते वाक्य माझ्या तोंडातच बसलं. ईदला बहीण आली नाही की दीड तास, मी तिच्याकडे गेलो नाही की दीड तास. कधीही जाता येतं म्हणून मी अकरा वर्षांत दोनदाच गेलो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी अम्मी फजरची नमाज आटोपून चहा ठेवत होती, तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. बहीण झोपेतच गेली होती. आमच्यात मय्यत घरात फार वेळ ठेवत नाहीत. मेहुणा रडत म्हणाला, "दुपारच्या नमाजनंतर ठरवलंय, भाईजान. दीड तासाचंच आहे ना, पोचाल तुम्ही." माझंच वाक्य त्याने मला परत दिलं, आणि मीही हो म्हणालो.

बायका कब्रस्तानात जात नाहीत. मला उशिरा का होईना, मूठभर माती देता आली असती. अम्मीला मात्र जनाजा घरातून उठायच्या आत पोचायलाच हवं होतं. तिला लेकीचं तोंड बघायचं होतं, दुसरं काही ती मागत नव्हती.

दहा चाळीसच्या विमानाची तिकिटं मिळाली. घरापासून लोहगावच्या विमानतळापर्यंतच सव्वा तास गेला. तो मी अकरा वर्षांत कधी धरलाच नव्हता. आत गेल्यावर कळलं, आमचं विमान दुसऱ्या गावाहून यायचंय आणि धुक्यामुळे ते तिथेच उभं आहे. फलकावर दहा चाळीसचे एक झाले, एकाचे अडीच. पुढचं विमान संध्याकाळचं. रस्त्याने जायचं तर बारा तास. मी काउंटरवर जाऊन भांडलो, आवाज चढवला, आणि तोंड पाडून परत आलो.

मेहुण्याने शब्द टाकून जनाजा असरच्या नमाजपर्यंत, म्हणजे साडेचारपर्यंत थांबवला. "त्यापुढे वडीलमंडळी ऐकणार नाहीत," तो म्हणाला. फलकावरचे अडीचही टळून गेले. चार वाजता त्याने विचारलं, व्हिडिओ कॉल लावू का. मी अम्मीकडे पाहिलं.

"मोबाइलवर नको दाखवू आता काही," ती म्हणाली.

पावणेपाचला फोन आला, जनाजा उठला. त्यानंतर पाच मिनिटांत आमच्या विमानाची घोषणा झाली. परत फिरू या, असं मी म्हणणार होतो, पण अम्मी उठून रांगेत उभी राहिली होती.

विमानात तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. नागपूरला चाकं टेकली तेव्हा तिने माझं मनगट ओढून घड्याळ पाहिलं.

"दीडच तास लागला रे," ती म्हणाली. "तू खोटं नव्हतास बोलला."