लीग संपू नये म्हणून

लेक पाच वर्षांची झाली आणि मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायला लागली, तेव्हा बायकोनं ठरवून टाकलं, शाळा पुण्यातच. दोघी गेल्या. कावासाकीच्या क्लायंटकडचं माझं काँट्रॅक्ट अजून वर्षभर होतं, म्हणून फुनाबोरीच्या घरात मी एकटा उरलो. ऑफिसात दिवसभर तोंड चालायचं, पण ते बग आणि रिलीजबद्दल. संध्याकाळी दार उघडताना सवयीनं 'आलो गं' म्हणायचो आणि मग स्वतःचाच राग यायचा.

उन्हाळ्यात एकदा बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होतो. शेजारच्या बाल्कनीतून रेडिओचा आवाज येत होता. भाषा धड कळत नव्हती, पण निवेदकाचा आवाज चढला, क्षणभर अडकला आणि मागून हजारो माणसं ओरडली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एवढं मला नक्की कळत होतं. कठड्यावरून वाकून पाहिलं, तर शेजारचे आजोबा स्टुलावर बसून पंख्यानं वारा घेत होते.

"बेसबॉल?" मी विचारलं.

"बेसबॉल," ते म्हणाले, आणि त्यांनी रेडिओ उचलून माझ्या बाजूच्या कोपऱ्यात ठेवला.

दोन आठवड्यांत मी त्यांच्या घरात, टीव्हीसमोर जाऊन बसायला लागलो. आजी जाऊन तीन वर्षं झाली होती. आजोबा छापखान्यातून निवृत्त झालेले. ते मला 'इंदो-सान' म्हणत, म्हणजे आपले भारतराव. माझ्या मोडक्यातोडक्या जपानीतही त्यांनी मला सगळा खेळ शिकवला. मी त्यांना एकच गोष्ट शिकवली. आमच्या घरी भारताची बॅटिंग रंगात आली की कुणी जागेवरून हलायचं नाही, पाण्यालासुद्धा उठायचं नाही, हा दंडक. आजोबा टॉयलेटमध्ये असताना आमच्या संघानं दोन रन काढले, तेव्हा पुढच्या डावात मी त्यांना पुन्हा आत पाठवलं. ते गेले, हे विशेष.

त्यांचा संघ म्हणजे वर्षानुवर्षं तळाशी लोळणारा. त्या वर्षी मात्र काय अंगात आलं कोण जाणे, सप्टेंबर लागला तरी पहिल्या-दुसऱ्या नंबरावर झुंजत होता. आजोबांना जेवण जाईना. मलाही जाईना. लंचला बेन्तोचा डबा उघडायचो आणि आज बॉल टाकायला पिचर कोण असेल याच्याच विचारात भात तसाच राहायचा.

मग एका संध्याकाळी गेलो, तर पुढच्या खोलीत पुठ्ठ्याचे खोके रचून ठेवलेले. आजोबा म्हणाले, "सेंदाईला लेकीकडे राहायला चाललोय. कधीची मागे लागलीय. तिला सांगितलंय, पेनंटचा निकाल लागू दे, मग येतो."

पेनंट म्हणजे लीगचं अजिंक्यपद. त्यानंतर प्लेऑफ आणि मग दोन लीगमधून उरलेल्या संघांची जपान सिरीज असते, पण ती लेकीच्या टीव्हीवर बघू, असं त्यांचं ठरलं होतं.

त्या दिवसापासून माझी पंचाईत झाली. संघ हरत गेला तर शर्यतीतून बाहेर पडणार, आजोबा जाणार. जिंकत गेला तर पेनंट मिळणार, आजोबा जाणार. मला हवं होतं ते भलतंच. आज जिंकावं, उद्या हरावं, दुसऱ्या नंबरच्या संघानंही अगदी तसंच करावं आणि हे असंच चालू राहावं, जमलं तर माझं काँट्रॅक्ट संपेपर्यंत. आमच्या संघाची आघाडी वाढली की आजोबा टाळ्या वाजवत आणि मी उरलेले दिवस मोजायला लागे. इतका घाबरट प्रेक्षक त्या लीगमध्ये दुसरा नसेल.

बायकोनं फोनवर बरोबर पकडलं. "अरे, जिंकतोय ना तुझा संघ? मग आवाज असा का पडलाय?"

"दमलोय," मी म्हटलं. एका म्हाताऱ्या जपानी माणसाशिवाय मला इथे कुणी नाही, हे तिला सांगितलं तरी ती तिथून काय करणार होती?

जपानी वर्तमानपत्र मला वाचता येत नव्हतं. आजोबांना विचारावं, तर मनातलं चेहऱ्यावर दिसेल ही भीती. म्हणून किती सामने उरलेत आणि निकाल कधी लागेल, याचा हिशोब मी मनातल्या मनात करायचो. तो आपल्या क्रिकेटच्या पद्धतीनं: जिंकल्याचे दोन गुण, बरोबरीचा एक. तिथे नऊ डावांचा खेळ लांबवूनही बाराव्या डावापर्यंत कोंडी फुटली नाही तर सामना बरोबरीत सोडून देतात. मी इमानेइतबारे एकेक गुण वाटत होतो.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी आजोबा दोन तिकिटं घेऊन दारात उभे. सामना दुसऱ्यांच्या मैदानावर होता, म्हणून पाहुण्या संघाच्या स्टँडमध्ये आम्ही गळ्यात संघाचे टॉवेल अडकवून बसलो. आज जिंकलो तर पेनंट आपलं, हे मलाही ठाऊक होतं. हरलो किंवा बरोबरी झाली, तर माझ्या हिशोबानं गोष्ट शेवटच्या सामन्यावर जात होती. म्हणजे आणखी तीन दिवस.

सामना बरोबरीतच अडकला. दहावा डाव, अकरावा डाव. बाराव्याच्या पहिल्या अर्ध्यात, म्हणजे आमच्या शेवटच्या बॅटिंगमध्ये, एकही रन झाला नाही, म्हणजे जिंकणं गेलं. मला वाटलं, आता सगळे मान खाली घालतील. पण सगळे उभे राहून ओरडत होते. आजोबांनी माझी बाही घट्ट धरून ठेवली होती. यांचं मन मोठं, असं मी समजलो. मी फक्त एवढंच म्हणत होतो, समोरच्यांचा रन नको, बरोबरी होऊ दे, तीन दिवस मिळू देत.

समोरच्यांचा शेवटचा बॅटर आउट झाला. मी उडी मारून मराठीतच ओरडलो, "वाचलो!"

माझ्याबरोबर सगळा स्टँड उसळला. अनोळखी माणसं माझ्या पाठीवर थापा मारायला लागली. आजोबांनी मला मिठी मारली. कित्येक महिन्यांत मला कुणी जवळ घेतलं नव्हतं. त्यांच्या खांद्यावरून मैदान दिसत होतं. आमच्या खेळाडूंनी धावत येऊन आपल्या मॅनेजरला, म्हणजे मुख्य कोचला, घेरलं आणि उचलून हवेत उडवलं. मॅनेजरला असं झेलतात ते पेनंट जिंकल्यावरच, एवढं मला आजोबांनीच शिकवलं होतं.

"पण बरोबरी झाली ना?" मी विचारलं.

"इथे बरोबरी मोजतच नाहीत," आजोबा म्हणाले. "जिंकलेले किती आणि हरलेले किती, त्यावरच सगळं. आज फक्त हरायचं नव्हतं, इंदो-सान!"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेचना. आजोबांनी स्वतःच्या टॉवेलानं माझे डोळे पुसले आणि आजूबाजूच्यांना कौतुकानं सांगितलं, "हे भारतातून आलेत. बघा, आपल्यापेक्षा पक्के फॅन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववून आभार मानले.

"मग उद्या?" मी विचारलं.

"उद्या मॅच नाही," आजोबा हसत म्हणाले, आणि लेकीला फोन लावायला त्यांनी खिशातून मोबाइल काढला.