धुळ्याहून आलेला नानांचा सिग्नल

आधीच सांगते, मी जळगावला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. कोणी गूढ अनुभव सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई... म्हणून हे लिहायला दोन वर्षं लागली.

मला हॅम रेडिओचा छंद, म्हणजे परवाना घेऊन घरच्या सेटवरून लांबच्यांशी बोलायचं. धुळ्याचे नानाही त्यातलेच. सरकारी नोकरीत वायरलेस ऑपरेटर होते, रिटायर झालेले. मोर्सची टिंब-रेघांची लिपी मला त्यांनीच शिकवली. एका हिवाळ्यात आमच्या क्लबच्या बैठकीत ते म्हणाले, काल सकाळी गच्चीवर वॉकीटॉकीसारख्या साध्या हँडसेटवर तुझा आवाज ऐकला. जळगावहून धुळ्यापर्यंत, अवघ्या पाच वॅटवर! सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी खडू उचलला.

पाठवलेली ताकद, दोन्ही अँटेनांची तूट, नव्वदेक किलोमीटरमध्ये होणारी घट, वर पृथ्वीच्या गोलाईचा अडथळा. पोचणाऱ्या सिग्नलची ताकद आली उणे एकशे चाळीस डीबीएम. असल्या सेटला उणे एकशे वीसच्या खाली काही ऐकू येत नाही.

"नाना, तुम्हाला भास झाला असेल," मी म्हणाले. लोक हसले.

"मना कान खोटा नही, पोरी," एवढंच ते आपल्या अहिराणीत बोलले.

आता खरं सांगते. थंडीत सकाळी कधीकधी गार हवेवर उबदार हवेचा थर बसतो आणि लहरी त्याच्याखालून वाकत लांबवर जातात. हे मला फळ्यापाशी उभी असतानाच आठवलं होतं. मी बोलले नाही. जिंकत होते ना...

नाना पुन्हा बैठकीला आले नाहीत. रेडिओवर नाहीत, माझा फोनही उचलायचे नाहीत.

पुढे मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमारास मी घरी पेपर तपासत बसले होते. टेबलावरच्या हँडसेटचा सिग्नल मीटर एकदम शेवटपर्यंत गेला.

"पोरी, ऐकू येस का? मना सिग्नल कितला शे?"

नानाच. जराही खरखर नाही.

"पाच-नऊ, नाना," मी म्हणाले. म्हणजे स्पष्ट आणि जोरदार, याहून चांगला रिपोर्ट नसतो. चार-पाच वेळा हाक मारली, मग त्यांच्या घरी फोन लावला. सुनेने उचलला.

"नानांना द्या ना, आत्ताच रेडिओवर बोलले माझ्याशी."

ती म्हणाली, "ताई, नानांना लकवा मारला. वीस दिवस झाले, वाचा गेलीय. सेट कपाटात आहे, बॅटरी काढून ठेवलेला."

उद्या येते म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीने धुळ्याला गेले. नाना खुर्चीत होते. त्यांचा चांगला हात धरून सगळं सांगितलं. त्या थराचं, मी गप्प राहिले त्याचं, कालच्या आवाजाचं. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

सून जिन्यापर्यंत आली. "रागावू नका ताई, पण परत येऊ नका. तुम्ही येणार हे कळल्यापासून त्यांनी घास घेतला नाही."

नाना दिवाळीआधी गेले. मला चार दिवसांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून.

भर मे महिन्याच्या दुपारी तो हवेचा थर नसतो. असता तरी बंद सेटमधून, वाचा गेलेला माणूस बोलला कसा? त्यांनी माफ केलं नाही, एवढं मात्र मला नीट समजतं.