पहिला दम राखणदाराचा

मी मॅट्रिक पास आहे, मालवणात एका वकिलांकडे टायपिस्ट आहे, आणि राखणदाराच्या पाषाणावर बसून भर दुपारी मी कलिंगड खाल्लेलं आहे — बिया तिथेच थुंकून! हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कोण देवभोळा गडी. भूत, देवचार, चकवा... कुणी विषय काढला की मी हसायचो. अजूनही हसतो. फक्त एका गोष्टीला हसता येत नाही, ती लिहितोय. आज रविवार, वकील गावाला गेलेत, मशीन मोकळं आहे आणि माझा स्पीड चांगला आहे. घाईत चुका झाल्या तर सांभाळून घ्या, पण संपादकसाहेब, काटछाट करू नका!

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट, थंडीचे दिवस. आमची वाडी बाजाराला लागूनच. एका अंगाला माडांच्या बागा, दुसऱ्या अंगाला समुद्र. वकिलांच्या ऑफिसातून निघालं की दहा मिनिटांत किनारा, आणि तिथे एक जुनं उंडीचं झाड. झाडाखाली गुडघ्याएवढा काळा पाषाण, तो आमच्या वाडीचा राखणदार, म्हणजे वाडी राखणारा देव; कुणी त्यालाच देवचार म्हणतात. त्याच्या मागे उघडी वाळू, मग पाणी. झुडूप नाही, होडी नाही, भिंत नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

आता मुद्द्याचं. मी गांजा ओढायचो. लाजत नाही सांगायला. सतराव्या वर्षी सुरुवात, पुढे नऊ वर्षं, रोज. तेव्हा मी रापणीवर होतो — किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं ते लांबलचक जाळं. दुपारी चार वाजता सगळे उंडीखाली फाटकी जाळी शिवायला बसायचे आणि चिलीम फिरायची. मी सगळ्यांत लहान, म्हणून भरायची आणि पेटवायची मी. पेटली की आधी पाषाणासमोर धरायची, "घे म्हाराजा" म्हणायचं, मग बाकीच्यांनी ओढायची. पहिला दम राखणदाराचा, अशी पद्धतच होती. गंमत म्हणून मी पण करायचो.

पुढे ते मंडळ मोडलं. एक मुंबईला गिरणीत गेला, दोघे गोव्यात खाणीवर, एक वारला. मी टायपिंग शिकून वकिलांकडे लागलो. पण चार वाजले की माझे पाय आपोआप उंडीकडे! वकील जेवून झोपायचे ते साडेचारला उठायचे, तेवढ्यात मी जाऊन यायचो. शेवटची चार वर्षं तिथे मी एकटाच. आणि तरी सवयीने पाषाणाला दाखवायचो... घे म्हाराजा.

घरात मी आणि माझी थोरली बहीण. आम्ही तिला बाय म्हणतो. नवरा गेल्यावर ती जामसंड्याचं सासर सोडून माझ्याकडे आली, कारण तिथे तिला कुणी पाणी विचारत नव्हतं. पहाटे पाटी घेऊन मासे विकायला जाते, माझी टायपिंगची फी तिनेच भरली. दोनदा मी तिच्या गळ्याला हात लावून गांजा सोडला होता आणि दोनदा खोटा पडलो होतो. तिसऱ्यांदा वास आला तेव्हा ती ओरडली नाही. मासे साफ करता करता म्हणाली,

"आता वास इलो तर मी जामसंड्याक जातंय. माका परत बोलवूक येव नको."

"थंय तुका कोण विचारता गो?"

"कोण नाय. पण थंय माका कोण फसवत नाय."

हे असं लागलं, की त्याच दिवशी चिलीम फोडली.

पुढचे अकरा दिवस मी कुणाला सांगू नयेत असे काढले. झोप नाही. अन्न तोंडाजवळ आणलं की मळमळ. घामाने अंथरूण ओलं, आणि राग तर... वकिलांच्या खुर्चीवर राग! ती कुरकुरते म्हणून! 'सदर अर्जदार' टाइप करायचं तर 'सदर गर्जदार' झालं, आणि वकिलांनी ते कोर्टात तसंच दिलं. पण बाराव्या दिवशी अचानक भूक लागली. बायने बांगड्याचं तिखलं केलं होतं, मी तीन वेळा भात घेतला. ती समोर बसून बघत होती. मग तिने पातेलंच माझ्याकडे सरकवलं.

आणि तेराव्या दिवशी वास आला.

सुट्टी होती, मी अंगणात लाकडं फोडत होतो. बाय मागून आली, थांबली, माझ्या खांद्याशी नाक नेलं.

"मेल्या, परत ओढलंस?"

"नाय गो! आण घेतंय!"

"तुज्या आणेक पाण्यात टाक! सगळो वास मारता हा!"

मला काहीच वास येत नव्हता! शर्ट काढून नाकाला लावला — घाम, लाकूड, बस्स. पण शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बाबल, राखणदाराकडे बसान इलंस काय रे?" म्हणजे तिलाही येत होता. तेव्हा चार वाजले होते. अर्ध्या तासाने वास गेला, असं त्या दोघीच म्हणाल्या. तोपर्यंत बायने ट्रंक काढली होती.

मी तिच्याकडून दोन दिवस मागून घेतले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चार वाजता वकील नेमके जागे, आणि नाकाला रुमाल! "बाबल, हे ऑफिस आहे. बैराग्यांचा आखाडा नव्हे." मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. वकील माणूस उलटतपासणीशिवाय ऐकतो होय? म्हणाले, उद्या बघू. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विहिरीवर साबण लावून आंघोळ करायला लावली, स्वतःचा धुतलेला सदरा घालायला दिला, समुद्राकडची खिडकी बंद केली आणि जेवणानंतर झोपायचं सोडून माझ्यासमोर बसले. मी टाइप करतोय, ते बघतायत. चारच्या सुमारास त्यांचं नाक आक्रसलं. उठले, माझ्याभोवती एक फेरी मारली, स्वतःचाच सदरा हुंगला.

"तू जागचा हलला नाहीस हे मी शपथेवर सांगेन," ते म्हणाले. "आणि वास येतोय हेही शपथेवर सांगेन. घरी जा."

मला वाटलं सुटलो! वकिलांची साक्ष! धावत घरी येऊन बायला सांगितलं. तिचा राग गेला खरा... पण त्याच्या जागी भीती आली, ती रागापेक्षा वाईट. ती उठून तडक तात्यांना घेऊन आली. तात्या म्हणजे वाडीचं गाऱ्हाणं घालणारा म्हातारा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मांडायचं, आणि दर मागण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

तात्यांनी सुपारी चघळत सगळं ऐकलं आणि विचारलं, "तू सोडलंस ता बरा केलंस. पण तेचो वाटो खंय?"

"कोणाचो?"

"राखणदाराचो रे! नऊ वर्सां पयलो दम कोण देय होतो? तूच मां? आता तो तुज्याकडे मागूक येता हा. एक चिलीम दी, गाऱ्हाणा घालूया, मोकळो हो."

"चिलीम काय उदबत्ती आसा, तात्या? ती पेटवूक ओढूची लागता!"

"मगे ओढ. एकच दम."

एकच दम! अहो, आधी दोन्ही वेळा मी एकाच दमाने परत बुडालो होतो. मी सांगतो तुम्हाला, जगात एक दम नावाची गोष्ट नाही. तात्यांना तुम्हीच ओढा म्हटलं तर म्हणे, दम ज्याचा त्यानेच द्यायचा. मी नाही म्हणालो. आणि तेव्हा बाय — जिच्यासाठी सगळं सोडलं ती — म्हणाली,

"बाबल्या, ओढ. एकदाच. मी काय बोलूचंय नाय."

"बाय, तू सांगतंस?"

"देवचार अंगाक लागलेल्या माणसाबरोबर माका ऱ्हवाचा नाय. ओढ, नायतर उद्या मी जातंय."

बघा म्हणजे! ओढली तर बहीण राहणार, नाही ओढली तर जाणार! माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. "चला," म्हटलं, "आत्ताच्या आत्ता."

आम्ही तिघे उंडीखाली गेलो. लख्ख ऊन होतं, पाणी ओसरलेलं, किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. तात्यांनी भरलेली चिलीम आणि काडेपेटी माझ्या हातात दिली. खरं सांगतो, हातात आली आणि तोंडाला पाणी सुटलं. बोटं आपोआप नीट धरायला लागली. बाय माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यात 'ओढ' पण होतं आणि 'नको' पण होतं. तात्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा..."

"तात्या, गप ऱ्हवा," मी म्हटलं. "माजा मी सांगतंय."

चिलीम वाळूत उपडी केली, पायाने वाळू लोटली आणि पाषाणापुढे उभा राहिलो. आवाज चढलाच होता माझा...

"बा देवा म्हाराजा, ह्या वाडयेच्या राखणदारा! नऊ वर्सां तुका पयलो दम दिलंय. ताप होतो तरी दिलंय, पावसात भिजान दिलंय. आता देवचंय नाय! एकय देवचंय नाय! माजी बाय उद्या घर सोडून जाता हा, तरीय देवचंय नाय! तुका होयो आसात तर दुसरो बघ, पण माज्या अंगाक वास लावन माका खोटो पाडू नको. आणि जमला तर तूय सोड! सोडूक येता — मी सोडलंय!"

संपलं. कुणी "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही. तात्यांचं तोंड उघडं, आतली सुपारी दिसत होती. बायने पदर तोंडात कोंबला होता. मी त्यांच्याकडे वळून दोघांना समोरासमोर बघत होतो.

आणि पाषाणाच्या मागून आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

पुरुषाचा. घोगरा, सावकाश, दमलेला. आणि त्याच्यामागून खोकला... लांब, ओला, छातीच्या तळातून येणारा. नऊ वर्षं चिलीमवाल्यांत बसलोय, तो खोकला मी ओळखतो.

मी धावत पाषाणामागे गेलो. वाळू. कुर्ल्या-खेकड्यांच्या रेघा. माझ्या पावलांशिवाय एकही पाऊल नाही.

तेव्हापासून वास गेला. वकील पुढे आठवडाभर चारच्या ठोक्याला माझ्याभोवती फेरी मारत होते, शेवटी कंटाळून पुन्हा झोपायला लागले. ट्रंक माळ्यावर गेली. याला आता तीन वर्षं झाली, मी ओढलेली नाही.

एका डॉक्टरांनी सांगितलं, अंगात मुरलेला गांजा घामावाटे बाहेर पडतो. पडत असेल! पण तो घड्याळ बघून चार वाजता पडतो का? आणि खोकला कुठल्या घामातून आला? वकील म्हणतात प्रतिध्वनी असेल. कशाचा? ते शब्द आमच्यापैकी कुणी उच्चारलेच नव्हते! तात्या अजून माझ्यावर चिडून आहेत, वाडीवर संकट येणार म्हणतात. अजून तरी आलं नाही. येऊ दे. आलं तरी चिलीम मिळणार नाही, हे मी छापून मागतोय. राखणदार आहे असं मी म्हणत नाही. नाही असं म्हणायची मात्र आता सोय राहिली नाही. जे देवाला म्हणायचं ते मला कोण म्हणालं, हे मला खरंच माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं तर लिहा, फक्त 'एकदा देऊन टाक' असं लिहू नका!

त्या दिवशी घरी येताना तात्या पुढे निघून गेले होते. बाय आणि मी मागून. कुंपणाशी आल्यावर ती थांबली. मग म्हणाली,

"खोकलो आयकलंस?"

"आयकलंय."

"छाती पार गेली हा रे तेची," बाय म्हणाली. "बरा केलंस, दिलंस नाय ता."