काचेखालचं गाव

मार्गासनीला गाडीचं पंक्चर काढताना गरम रबराचा वास आला आणि मी थेट मालवणच्या होडीत जाऊन पोचलो. पाण्याखाली बघायच्या चष्म्याला तिथं असाच वास होता. पोवळ्यांची केशरी-जांभळी रानं आणि त्यांत लपणारे निळे मासे पाहून मी होडीत चढलो, तर आई अजून होडीच्या तळाच्या काचेला डोळे लावून बसलेली. मग तिनं पदराच्या गाठीतले तांदूळ काढले. गुंजवण्याचं आमचं घर आणि देवीचं ठाणं धरणात गेल्यापासून ती देवीची ओटी दरवर्षी पाण्यातच सोडायची.

"आये, हय कायव टाकूचा नाय!" होडीवाला ओरडला. "राखीव जागा आसा ही."

मी लाजेनं मान खाली घातली. आई मात्र नवलानं म्हणाली, "म्हंजी हितं पाण्याखालचं बी जपत्यात व्हय?" आणि तिनं तांदूळ परत गाठीत बांधले.

तेव्हा मला तिचं हसू आलं होतं. आता आई नाही. नवरात्रात धरणाच्या काठावरून ओटी मीच सोडतो. टाकू नका म्हणून ओरडायला तिथं कुणीच नसतं.