ॲबीचा उजवा हात

इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या वेरिबीच्या गल्लीत एक अमेरिकन नटी राहते, हे मी पाहुण्यांना आधी सांगते. तिचे आईवडील वसईचे, हे नंतर. ॲबिगेल न्यू जर्सीत जन्मली, तिथेच वाढली. पस्तीस वर्षं नाटकांत आणि टीव्हीवर कामं केली. तिच्याच शब्दांत, "नर्स अकरा वेळा, प्रेत दोनदा, नाव असलेली बाई एकदाही नाही." मग इथल्या स्टीफनशी लग्न करून इथे आली. आता एकसष्टची आहे.

इथे ती युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, खोटी पेशंट होते. तिच्यावर मुलं डॉक्टरकी शिकतात. सोमवारी अपेंडिक्स, बुधवारी कंपवात. एवढं कळल्यावर मी तिला सोडते होय? सगळे आपापला पदार्थ घेऊन जमतात, त्या दर पॉटलकला सुरू, "अगं ॲबी, आज कुठला आजार आणलास? करून दाखव ना!" तीही दाखवायची.

दिवाळीला कढी वाढताना तिचा हात थरथरला आणि अख्खा डाव शेजारच्या नुपूरच्या साडीवर सांडला. मी ओरडले, "बघा, बाईसाहेब ओव्हरटाइम करतायत!" टाळ्या पडल्या. ॲबीने वाकून मुजरा केला. हात मात्र थांबला नव्हता. मला ते दिसलं, तरी मी हसतच राहिले.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या किचनमध्ये आली आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसली.

"हा कंपवात खरा आहे गं, नीलिमा. युनीतल्या एका मुलीने ओळखला. सीन संपला तरी हात हलत होता. डॉक्टरही तेच म्हणाले."

"आणि तुझी सिरीयल?"

पुढच्या महिन्यात शूटिंग होतं. सहा एपिसोड, आणि या बाईला चक्क नाव होतं: मिसेस परेरा. पहिल्याच सीनमध्ये नातवाला चहा ओतून द्यायचा, तोही क्लोजअपमध्ये.

"सांगू नकोस त्यांना," मी म्हटलं. "गोळ्यांनी जमेल."

"आणि उकळता चहा त्या पोरावर सांडला तर?"

तिने तिथूनच डिरेक्टर बाईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला, सगळं सांगितलं. बाईंनी हळूच विचारलं, "कॅन यू स्टिल पोअर?"

ॲबीने माझी किटली उचलली. अर्धं पाणी कपात, अर्धं ओट्यावर.

"नो," ती म्हणाली. "आय कान्ट."

मिसेस परेरा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

मी ओटा पुसत होते. एकही विनोद सुचेना.

"आता सांग सगळ्यांना," ॲबी म्हणाली. "तुझ्या पोटात काही राहत नाहीच. तिखटमीठ तेवढं लावू नकोस."

लावलेलं नाही.