दारामागची ई

घशाच्या डॉक्टरांचं दार प्लायवूडचं आहे. जीभ धरून ते म्हणतात, "ई म्हणा," आणि पेशंटची ई बाहेर ऐकू येते. एका शिक्षिकेची चिरकी आली, एका आजोबांची घरघरती. बाहेर आम्ही आपापली ई मनात ताडून पाहत होतो.

मग एक दांडगा गृहस्थ आत गेला. त्याची बायको माझ्या शेजारी बसली.

"कांद्याचा लिलाव पुकारतात हे. अख्ख्या बाजारात आवाज जायचा. बसला, तर ज्येष्ठमधच चघळत राहिले."

दात दुखला की माणूस धावत सुटतो. आवाज दुखत नाही. तो नुसता जात राहतो, आणि आपण म्हणतो, हवा बदललीय.

"ई म्हणा," आतून आलं. पुढे काहीच नाही. "जरा मोठ्यानं." बायकोचेच ओठ नकळत ताणले गेले.

माझ्या गालातला ज्येष्ठमधाचा तुकडा मी रुमालात काढला.

दार उघडलं. "यांच्यासोबत कोण आलंय?" डॉक्टरांनी फार हळू विचारलं. ती उठून आत गेली.

पुढचा नंबर माझा होता. मी एकटाच आलो होतो.