मारुतीआप्पांनी घातलेली भिंत

मारुतीआप्पा कुठल्याही गावात शिरले की चहाच्या आधी एकच प्रश्न विचारत. "पोरी कुठं जात्यात?" साठीला टेकलेला, उन्हानं रापलेला, खांद्याला थापी-ओळंब्याची पिशवी अडकवलेला माणूस असं काही विचारतोय म्हटल्यावर समोरच्याला आधी प्रश्नच कळत नसे. कळला की तो जमिनीकडं बघायला लागे.

आमच्या शाळेत ते पहिल्यांदा आले तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "घरी जातात." आप्पांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळले. "आन् बाई, तुम्ही?"

मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दौंड तालुक्यातलं ते गाव सोलापूर रस्त्याला अगदी चिकटून. शाळा रस्त्याच्या अलीकडं, वेड्या बाभळींचं रान पलीकडं. मोठ्या मुली दोघी-दोघी मिळून रस्ता ओलांडून तिकडं जात. मी केडगावात खोली घेऊन राहत होते. सकाळी एसटीत बसल्यापासून संध्याकाळी खोलीचं कुलूप काढेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असं मी शरीराला शिकवून ठेवलं होतं. हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. "मी पाणी पीत नाही," एवढंच मी म्हणाले.

"म्हंजी सोय न्हाई," आप्पा म्हणाले आणि पिशवीतून टेप काढून जागा मोजायला गेले.

ते मूळचे शिरूर तालुक्यातले. धंद्यानं गवंडी. कारेगावच्या बाजूला कारखाने उभे राहायला लागले तेव्हा त्यांनी तिथं काही वर्षं काम केलं. सांगायचे, "साहेबलोकांच्या संडासाला गुडघाभर चकचकीत फरशी बसवली म्या. आन् माज्या हाताखाली माल कालवणाऱ्या बाया दिसभर पोट दाबून बसायच्या." पुढं गावोगावच्या शाळांत, वस्त्यांवर काम करणाऱ्या एका मंडळाशी त्यांची गाठ पडली. मंडळात निवृत्त डॉक्टर होते, शिक्षक होते. बांधकाम येणारा कुणी नव्हता. आप्पा म्हणाले, हात माझे घ्या. त्यानंतर त्यांनी दुसरं काम फारसं केलंच नाही. कुणी त्यांच्या नावावरून छेडलं, बौद्ध असून मारुती कसे, तर हसून म्हणत, "नाव जुनं हाय, मानूस नवा हाय."

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी शाळेमागं मुलींसाठी दोन आणि मुलांसाठी एक असे संडास बांधले. गावातले चार-पाच जण मदतीला आले, मीही विटा वाहिल्या. प्रत्येकाला दोन-दोन खड्डे का, असं मी विचारलं तेव्हा आप्पा हातातली थापी खाली ठेवून बसले. एक भरला की दुसरा चालू करायचा, तोवर पहिल्यातल्याची माती होते, हे त्यांनी मला नीट समजावलं. मग म्हणाले, "कुनाला आत उतराय लागू नये, बाई. माज्या बापानं आयुष्यभर गावाची मेलेली ढोरं वढली. म्या ईट धरली ती त्यासाठीच."

जूनमध्ये शाळा उघडली. सातवीतली वैशाली, आमच्याकडच्या धनगर वस्तीवरची, सगळ्यात आधी आत जाऊन कडी लावून आली. बाहेर येऊन आप्पांना म्हणाली, "आप्पा, ह्ये आमच्या घरापरीस भारी हाय." आप्पा इतके मोकळे हसलेले मी एवढ्या एकाच वेळी पाहिले.

संडास झाला, पण तो धुवायचा कुणी? हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "स्वच्छतेसाठी चार मुलं नेमा. बघून नेमा म्हणजे तक्रारी येणार नाहीत." बघून म्हणजे काय, ते मला कळलं. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी चार नावं वाचली. चारही बौद्धवस्तीतली. ती मुलं निमूट पुढं आली. तक्रार आली नाही.

दिवाळीनंतर आप्पा पाहणीला आले. एक मुलगी बादली-खराटा घेऊन चालली होती. त्यांनी तिला नाव विचारलं, मागच्या मुलाला विचारलं. तिसऱ्याला विचारायला ते थांबले नाहीत. सरळ हेडमास्तरांच्या टेबलापुढं जाऊन उभे राहिले.

"हीच लेकरं का, सर?"

"अहो, त्यांना त्याचं काही वाटत नाही," हेडमास्तर म्हणाले.

"इचारलंत त्यास्नी?"

शाळा समितीची बैठक बसली. आप्पांचं म्हणणं एवढंच होतं, हजेरीपटाप्रमाणं पाळ्या लावा, सगळ्या मुलांनी धुवावं. समितीतले एक जण म्हणाले, "आमची पोरं शाळेत शिकाय येत्यात, आप्पा." आप्पा म्हणाले, "आन् आमची?" बैठक तशीच उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विटा आणि सिमेंट घेऊन आले आणि स्वतः बांधलेल्या तिन्ही दारांवर भिंत घालायला लागले. मी धावत गेले. "आप्पा, मुलींनी काय करायचं?"

ते थांबले नाहीत. "बाई, माज्या हातानं बांधलेल्या जागंत आमच्याच लेकरांच्या हातात खराटा? ह्यापरीस न्हाई त्ये बरं. आठ दिस कळ काढा. त्यांच्याबी लेकी हायत्या की. उघडत्याल."

आठ दिवस गेले. पंधरा गेले. समितीला वाटे, गवंडी येऊन पाया पडेल. आप्पांना वाटे, बाप लोक शाळेत येतील. कुणीच आलं नाही. मुली पुन्हा दोघी-दोघी मिळून रस्ता ओलांडायला लागल्या. मी पुन्हा पाणी सोडलं.

तिसऱ्या आठवड्यात, लहान सुट्टीत, मी वर्गात वह्या तपासत होते. ब्रेकचा आवाज आला, मग एका मुलीची किंकाळी. वैशालीबरोबर गेलेली मुलगी रस्त्याच्या कडेला उभी होती. वैशाली टँकरच्या पुढच्या चाकापाशी होती. मी तिच्यावर माझी ओढणी घातली. तिला कुठल्याही दवाखान्यात न्यायची गरज उरली नव्हती.

संध्याकाळपर्यंत आप्पांना निरोप पोहोचला. दुसऱ्या दिवशी ते वैशालीच्या वस्तीवर आले तेव्हा मी तिथंच होते. अंगणात माणसं बसली होती. हेडमास्तर कुणाला तरी सांगत होते की टँकरवाल्याची चूक होती, फार जोरात होता. वैशालीचे वडील आधी मेंढरं राखायचे, आता दोन एकर करत होते. ते मान वर करून आप्पांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "आप्पा, भित तुम्ही घातली."

"व्हय," आप्पा म्हणाले. "म्याच घातली."

पाळ्या, समिती, चार मुलं, यातला एक शब्द त्यांनी काढला नाही. मीही तिथंच बसले होते. मीही काढला नाही.

तिथून उठून ते शाळेत आले आणि घण घेऊन एकट्यानं तिन्ही दारं मोकळी केली. समितीतले लोक येऊन उभे राहिले, कुणी अडवलं नाही. पुढच्या सोमवारपासून हजेरीपटाप्रमाणं पाळ्या लागल्या. समितीतल्या त्या गृहस्थाच्या मुलाचं नाव दुसऱ्याच दिवशी आलं, आणि त्यानं गुपचूप धुतलं. आप्पांनी मागितलं होतं ते सगळं मिळालं. ते बघायला ते कधी आले नाहीत. मंडळाचं कामही त्यांनी सोडलं.

काही वर्षांनी कळलं की ते कारेगावला मुलीकडं आहेत, छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेत. मी गेले. कामगारांच्या चाळीतली खोली, भिंतीला टेकून बसलेले आप्पा. हातांची फक्त हाडं राहिली होती. पाणी दिल्यावर मी प्यायले, ते त्यांनी बघितलं. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हणाले, "आप्पा, ती चार नावं मी वाचली होती."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "हजेरी कुनाच्या हातात असती?"

"तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?"

"बोलून पोर माघारी येनार हुती?" त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी त्यांची पाठ धरून बसले. मग म्हणाले, "माजं म्हननं खरं हुतं, बाई. अजून बी खरं हाय. पर भित घालताना म्या रस्त्याकडं बघितलं न्हाई. गवंड्यानं आधी आजूबाजूची जागा बघायची असती." निघताना त्यांनी विचारलं, "तिचा बाप बोलतो का तुमच्याशी?"

"बोलतात."

"माज्याशी परत न्हाई बोलला. बरोबर केलं त्यानं."

त्या हिवाळ्यात आप्पा गेले. मुलीच्या घरून मला निरोप आला होता. वैशालीच्या वडलांना कळवावं, असं मनात आलं. मी दोनदा त्यांच्या वस्तीच्या वाटेला लागले आणि दोन्ही वेळा परत फिरले. काय म्हणतील, कसं घेतील, याची भीती वाटली. कारेगावला पुण्यानुमोदनाच्या विधीला चाळीतले लोक होते, मंडळातले दोन वृद्ध होते, बुद्धवंदना झाली. मी मागं उभी होते.

महिन्याभरानं आठवडी बाजारात वैशालीचे वडील भेटले. तेव्हा मी सांगितलं, आप्पा गेले.

हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली.

"सांगायचं हुतं, बाई," ते म्हणाले. "मी आलो असतो."